गंजीवरची पंचफुलाबाई आणि माझा नकाशा

मी तीसएक वर्षं नेमकं काय काम केलं, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. वर्ध्याच्या आमच्या गल्लीत कुणी विचारलं, "तुमची सून काय करते जी?" की त्या ठामपणे सांगायच्या, "काम्पुटर दुरुस्त करते." मग लोक बंद पडलेले प्रिंटर काखेत मारून दारात उभे. एकदा तर एका लग्नाच्या मांडवातून निरोप आला, की सिस्टिम खरखर करून राह्यली, बाईले लवकर पाठवा. मी गेलेही. भोंग्याची एक तार सैल होती, ती पिळून घट्ट केली. त्या दिवशी मला जिलबीचं ताट मिळालं, आणि जेवढा मान मिळाला तेवढा नोकरीत कधी मिळाला नाही.

मी सिस्टिम इंजिनिअर. जिनिंग कारखान्यांमधली. वर्धा जिल्ह्यात राहून दुसरं कुठे जाणार? इथे कापूस नाही असा रस्ता नाही. दिवाळीनंतर झाडांच्या खालच्या फांद्यांनासुद्धा ट्रॉलीतून उडालेला कापूस लटकलेला असतो.

ज्यांनी जिनिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतातून येतो त्या कापसात सरकी असते. जिन नावाचं यंत्र रुई आणि सरकी वेगळी करतं आणि प्रेस त्या रुईची गठाण बांधतो. एवढीच गोष्ट. पण गंजीतला कापूस जिनपर्यंत ओढून न्यायला पंखे आणि नळ्या लागतात, मध्ये कचरा काढणारं यंत्र लागतं, पुढे रुई वाहून नेणारा पट्टा लागतो. यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या गावच्या वेगळ्या कारखानदाराची. प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगतो, माझं यंत्र उत्तम आहे. ते खरंही असतं. तरी सगळी एकापुढे एक मांडून बटण दाबलं की कापूस जमिनीवर पडतो. कारण एकाचं तोंड जिथे संपतं, त्याच्या चार बोटं पुढे दुसऱ्याचं सुरू होतं. ती मधली चार बोटं कुणाचीच नसतात. ती माझी. आयुष्यभर मी त्या चार बोटांवर पोट भरलं.

हिंगणघाटकडच्या एका कारखान्यात सगळं दृष्ट लागण्यासारखं जमलं होतं. पहिली गठाण बांधून झाली, नारळ फुटला, गठाण ढकलगाडीवर चढली आणि गोदामाच्या दारात अडकली. गाडी दारापेक्षा वीतभर रुंद. गाडी बनवणाऱ्याने गठाण मोजली होती, गोदाम बांधणाऱ्याने माणूस मोजला होता, आणि दार कुणी मोजायचं हे कुणाच्याच कागदात नव्हतं. मालकाने शेवटी भिंत फोडली. घण गवंड्याच्या हातात होता, पण प्रत्येक घावाला मालक माझ्याकडे बघत होते.

म्हणून आमच्या विद्येत सुरुवातीलाच शिकवतात, की आधी विचारायचं, मग आखायचं. कामाला जाऊन प्रत्येकाला विचारायचं, तुम्ही काय करता. प्रत्येक कामाची कागदावर एक चौकट काढायची, चौकटी रेघांनी जोडायच्या, आणि एकही रेघ मध्येच लोंबकळत नाही हे पाहायचं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन जागा असतात. आखलं कुणी, तपासलं कुणी. ही दोन माणसं वेगळी हवीत. स्वतः आखलेलं स्वतः तपासलं की डोळ्यांना आपलंच खरं दिसतं. हे मी नवीन पोरापोरींना कितीदा सांगितलं असेल, मोजलं नाही. आणि हा नियम मोडून मी जी चूक केली, तिच्यापायी बारा बायांचं काम गेलं, त्यांतल्या एकीचं तर बावीस हंगामांचं, आणि एका मिस्त्रीचा हात भाजला. तीच सांगायला बसले आहे.

सिंदी रेल्वे गावाच्या बाहेर सेलूच्या रस्त्यावर किसनशेठचा जिनिंग कारखाना होता. शेठ तिसऱ्या पिढीचे व्यापारी, बोलायला गोड, मराठीत हिंदी आणि हिंदीत मराठी कालवणारे. चहा दोनदा पाजल्याशिवाय विषय काढायचे नाहीत. तिसऱ्या कपाला म्हणाले, "मॅडम, सब कुछ नवीन करून टाकू. गंजीतून थेट नळीनं कापूस उचला. डोक्यावर टोपले नकोत, गंजीवर बाया नकोत. बस, काटापूजेच्या आधी झालं पाहिजे."

हंगामात पहिला कापूस येतो त्या दिवशी वजनकाट्याची पूजा होते, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-नारळ देतात. शेठनी मुहूर्त काढून ठेवला होता. काम अडीच महिन्यांचं आणि हातात दीड.

मी वही घेऊन फिरले. सगळ्यांत आधी गुलाबराव मिस्त्री. हा माणूस कानाने यंत्र ओळखायचा. चौथ्या जिनचा आवाज बिघडला की जेवणाच्या डब्यावरून उठून जायचा. तो सोबत, शेठ सोबत, आम्ही अंगणातल्या गंजीपाशी आलो. मागच्या हंगामातल्या उरलेल्या कापसाचा घराएवढा ढीग, त्याच्यावर बारा बाया अनवाणी बसलेल्या. त्यांच्यातली मुख्य पंचफुलाबाई. पन्नाशीची, काटक, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

मी विचारलं, "तुम्ही काय करता?"

तिनं शेठकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कवडी वेचतो बाई आमी."

कवडी म्हणजे किडलेला, न फुललेला कापूस. मी वहीत लिहिलं, 'कवडी वेचणे'. नवीन सफाई यंत्र तेच काम करणार होतं. संध्याकाळी नकाशा काढताना मी ती चौकट पुसली. बारा बाया एका खोडरबराच्या घासात गेल्या. मला तेव्हा काहीही वाटलं नाही. खरं सांगायचं तर नकाशा किती मोकळा झाला म्हणून बरंच वाटलं.

तपासायला नागपूरचे एक जुने सहकारी येणार होते. त्यांना यायला आठ दिवस लागणार होते आणि शेठ रोज फोनवर मुहूर्त मोजत होते. मी आखणीच्या जागी सही केली आणि त्याच पेनाने तपासणीच्या जागीही केली.

काटापूजा झाली. यंत्रं अशी सुरू झाली की शेठनी मला सगळ्यांसमोर नमस्कार केला. ट्रॉली थेट नळीच्या तोंडाशी रिकामी व्हायची, पंखा कापूस ओढायचा आणि पाच मिनिटांत तो सगळ्या जिनांवर पसरायचा. मी नळीला हात लावून उभी राहायचे. आत कापूस धावताना ती हलकीशी थरथरते. फार समाधान वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास आग लागली.

मी तेव्हा कारखान्यातच होते, तर्री-पोह्यांची प्लेट हातात. आधी वास आला, मग आरडाओरडा. कापसात विस्तव पडला तर तो लगेच भडकत नाही. आतल्या आत धुमसत राहतो, बाहेर धूरसुद्धा दिसत नाही. पण त्याला पंख्याने ओढून नळीत घातलं की वारा मिळतो. मग माझ्या सुंदर नकाशातल्या प्रत्येक रेघेवरून आग धावली. कापूस पाच मिनिटांत सगळ्या जिनांवर पोचेल अशी सोय मीच केली होती, ती आगीनेही वापरली. गुलाबरावांनी पळत जाऊन नळीची झडप हाताने ओढून बंद केली. लोखंड तापलेलं होतं. झडप बंद झाली म्हणून निम्मा कारखाना आणि आतली माणसं वाचली. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चार दिवसांनी सगळे यंत्रवाले जमले. पंखेवाला म्हणाला पंखा ठीक. नळीवाला म्हणाला नळी ठीक. सफाई यंत्रवाल्याने तर चुंबकात अडकलेले खिळे आणून दाखवले, की बघा, आम्ही लोखंड पकडतो, ठिणगी आमच्यामुळे नाही. मीही माझा नकाशा पसरला. एकही रेघ लोंबकळत नव्हती. शेवटी एका ट्रॉलीवाल्याने कबूल केलं, की रस्त्यात कापसावर आडवा पडून बिडी ओढली होती, थोटूक कुठे गेलं ते माहीत नाही.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. ट्रॉलीवाले काय यंदाच बिडी ओढायला लागले? मग आजवर इथे आग का लागली नाही?

सेवाग्रामच्या दवाखान्यात गुलाबरावांना भेटायला गेले तेव्हा त्यांना हेच विचारलं. हात पांढऱ्या पट्ट्यांत, चेहरा उतरलेला. ते छताकडे बघत म्हणाले, "पहिले पंचफुला होती ना मॅडम."

"ती तर कवडी वेचायची."

"वेचे नं. पन गाडी खाली झाली का ते पह्यले कोपरापावतर हात घाले कापसात. चार ठिकानी. उघड्या पायानं फिरे गंजीवर. गरम लागलं, वास आला, का मले म्हने, मिस्त्री, हे आज नोको. मी तो कापूस बाजूले टाको. दोन दिस पडू देओ."

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं?"

गुलाबरावांनी पट्टीतल्या हाताकडे बघितलं. "मले वाटे, थो निर्णय माह्याच हाये."

दुसऱ्या दिवशी मी पंचफुलाबाईचं गाव गाठलं. सिंदीपासून चारेक किलोमीटर. ती अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. मला बघून उठली नाही, पण सुनेला चहा ठेवायला सांगितलं. आगीचं तिला कळलेलं होतं. मिस्त्रीच्या हाताची चौकशी केली आणि मग शेंगांकडे वळली.

मी म्हणाले, "बाई, मी विचारलं होतं तुम्हाला, काय करता म्हणून. तुम्ही हे का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं तवा शेठ बाजूले उभे होते का नाई?"

"होते."

"शेठ मले मजुरी कायची देत? कवडीची. मी म्हनलं असतं का मी हात घालत फिरतो, तं शेठ म्हनले असते, मंग कवडी कवा वेचते व तू? म्हनून जे काम लागलं होतं तेच सांगतलं."

 तोवर मी शेकडो माणसांना हा प्रश्न त्यांच्या मालकासमोर विचारला होता आणि आलेली उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहून घेतली होती. लाज वाटली. 

"परत याल का?" मी विचारलं.

"येतो नं. पन मी नोको म्हनलं का मशीन थांबली पायजे. पह्यले मिस्त्री आयके, म्हनून चाले. आता तुमची नळी कोनाचं आयकते?"

हे ऐकून मी चपापले. आमच्या विद्येतला अख्खा एक धडा या बाईने शेंगा निवडता निवडता सांगितला होता. ज्याला धोका आधी कळतो, थांबवायची कळ त्याच्याच हाताशी हवी. मी तो धडा शिकवत असे, फळ्यावर चित्र काढून.

मी नवीन नकाशा आखला. गंजीपाशी एक चौकट काढली, तिथून पंख्यापर्यंत लाल रेघ नेली. लाल बटण, दाबलं की पंखा बंद. या वेळी नकाशा गुंडाळून थेट तिच्या अंगणात नेला आणि बाजेवर पसरला. पंचफुलाबाईला वाचता येत नव्हतं. पण ट्रॉली कुठून येते, नळी कुठे, जिन कुठे, हे बोटाने दाखवलं तेव्हा ती वाकून बघायला लागली.

"अन मी कोठी हावो?"

मी चौकटीवर बोट ठेवलं. तिनं ट्रॉलीच्या रेघेवरून आपलं बोट फिरवत आणलं, नळीच्या तोंडाशी आणलं आणि थांबली.

"हे चुकलं बाई तुमचं. गाडी अजून सिद्दी नळीच्या तोंडाशीच खाली होऊन राह्यली. कापूस पडला का ओढला. मी हात कवा घालू? मी इथं बसून काय करू, टाटा करू?"

सून तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले, आणि हसता हसता घाम फुटला, कारण ती बरोबर होती. मी तिला चौकट दिली, बटण दिलं, पण तिच्या हातात कापूस येईल अशी रेघच काढली नव्हती. तिनं सांगितल्याप्रमाणे पेनाने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. ट्रॉली लांबच्या ओट्यावर रिकामी करायची, कापूस तासभर पडू द्यायचा, ती फिरून हो म्हणेल तेव्हाच नळीकडे लोटायचा. मग नकाशाच्या कोपऱ्यात आखणीच्या जागी माझं नाव घातलं. तपासणीची जागा रिकामी होती. तिला विचारलं, तिचं नाव घालू का. ती म्हणाली, "घाला. मी पाह्यलं हाये."

ओटा बांधायला शेठ कुरकुरले, पण आग ताजी होती, म्हणून बांधला. कारखाना पुन्हा सुरू झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पंचफुलाबाईने बटण दाबलं.

जिनिंगमध्ये शांतता फार भीतिदायक असते. सगळे अंगणात धावले. माणसांनी ओट्यावरचा कापूस उपसला. एक तास गेला, दीड तास गेला. खाली ओलसर, उबट कापूस निघाला. वजन वाढवायला कुणीतरी पाणी मारून आणला असावा. आग नाही, थोटूक नाही, काळा डागसुद्धा नाही.

शेठचा गोडवा संपला होता. "पंचफुला, काय निघालं?"

"ओला निघाला जी. हाताले गरम लागला."

"आग कुठे आहे?"

"आग नाई निघाली."

"मग सारा कारखाना काऊन थांबवला?"

"गरम लागला म्हनून थांबवला. आग दिसेपावतर थांबाचं असन, तं बटन कायले देलं मले?"

शेठ माझ्याकडे वळले. "मॅडम, ऐसा नहीं चलेगा. हे बटण मिस्त्रीकडे द्या. ही मिस्त्रीले सांगेल, मिस्त्री ठरवेल."

मला उत्तर माहीत होतं. पण शेठच्या भावाच्या नवीन कारखान्याचं काम मला मिळायचं होतं, आणि माझं तोंड उघडेना. मी घाबरले होते, दुसरं काही नाही. पंचफुलाबाई माझ्याकडे बघत होती. ते बघणं मला अजून टोचतं.

बोलले ते गुलाबराव. दवाखान्यातून सुटून जेमतेम आठ दिवस झाले होते, हात गळ्यात. "शेठजी, माह्याकडे नोका देऊ. माह्याकडे होतं तवाच जळला हा."

त्यांनी पट्टीतला हात जरासा उचलून दाखवला. शेठनी तो बघितला, अंगणातला पसरलेला कापूस बघितला, आणि ओरडले, "चाय बोलवा रे सबके लिए!" त्यावर चर्चा संपली. तेव्हा कुठे माझ्या तोंडाला वाचा फुटली आणि मी म्हणाले, बटण तिथेच राहील, मी तसं लिहूनही देते. फार उशिरा म्हणाले, पण म्हणाले. मी लिहून दिलं.

मी त्या कारखान्यात पुढे आठ हंगाम जात राहिले. बटण वर्षातून चार-सहा वेळा दाबलं जाई. दोनदा खरोखर आत जळका कापूस सापडला. एकदा एका शेतकऱ्याचा हरवलेला मोबाईल सापडला, वाजत असलेला. आग पुन्हा लागली नाही. गुलाबरावांचा हात पुरता बरा झाला नाही, पण मूठ वळायला लागली तेव्हा ते गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात जाऊन नवस फेडून आले. बारा बायांपैकी पंचफुलाबाई धरून पाचच परत आल्या. उरलेल्या सातजणींचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शेवटची आठवण विम्याच्या साहेबाची. आगीनंतरच्या वर्षी तो कारखाना बघायला आला. तरुण, इस्त्रीचा, हातात तपासणीचा कागद. भिंतीवरच्या काचेत लावलेल्या माझ्या नकाशापाशी बराच वेळ थांबला. मी मागे उभी होते, जरा ताठ. त्याने कोपऱ्यातली नावं वाचली.

"आखणाऱ्या तुम्ही. या तपासणाऱ्या पंचफुला मॅडम कोणत्या कंपनीच्या? त्यांच्याशी बोलावं लागेल."

मी काही बोलायच्या आत गुलाबरावांनी डाव्या हाताने खिडकीबाहेर दाखवलं.

"बोला नं साहेब. थ्या ओट्यावर हायेत. पन बूट काढून जाजो, बाई बूट घालून कोनाले चढू देत नाई."

साहेबाने हातातला कागद खिडकीत ठेवला. मग खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.